एंटर दाबल्यावर कर्सर किती वेळात सरकतो: डेटा एंट्रीसाठी मशीन ठरवताना

सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात अगदी शेवटी एक छोटा तक्ता असतो. प्रोसेसर अमुक, रॅम ४ जीबी, डिस्कवर २ जीबी जागा, विंडोज अमुक किंवा त्यापुढचं. मी नऊ वर्षं स्वतः एंट्री केली आणि त्यानंतरची सात वर्षं एंट्रीला बसणाऱ्या चौदा जणांची मशीनं सांभाळतेय. या तक्त्यावर भरवसा ठेवून आम्ही एकदा सहा नवी मशीनं मागवली. तक्त्यातली एकूण एक अट पुरी होत होती. पहिल्याच दुपारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, माझं टाइप करून होतं आणि अक्षरं मागून चालत येतात."

तक्ता खोटा नव्हता. सॉफ्टवेअर उघडायला काय लागतं तेवढंच त्यात लिहिलेलं असतं. शेजारी एक्सेल आणि स्कॅन केलेली पानं उघडी ठेवून चौदा जण आठ तास एकाच डेटावर काम करणार असतील तर काय लागतं, ते त्यात नसतं. ते आपलं आपण मोजायचं.

मोजायला मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. रोज भरता तोच फॉर्म उघडा, रोजच्याच गठ्ठ्यातले पन्नास कागद घ्या आणि नेहमीच्या वेगाने भरा. एंटर दाबल्यापासून कर्सर पुढच्या रकान्यात जाईपर्यंत किती वेळ जातो आणि नोंद सेव्ह केल्यापासून कोरा फॉर्म समोर येईपर्यंत किती, एवढंच लिहून ठेवा. एका रकान्याला अर्धा सेकंद लागला तर कुणी तक्रार करत नाही. पण फॉर्मला १२ रकाने आणि दिवसाला ४०० नोंदी धरल्या तर कर्सर ४,८०० वेळा सरकतो. अर्ध्या सेकंदाने २,४०० सेकंद, म्हणजे माणशी ४० मिनिटं. चौदा जणांची मिळून नऊ तास वीस मिनिटं. एक माणूस रोज नुसता कर्सरची वाट बघायला ठेवल्यासारखं झालं. नव्या मशीनची मागणी करताना मी हाच हिशोब कागदावर मांडून वर पाठवते. प्रोसेसरच्या नावापेक्षा तो लवकर समजतो.

आधी सॉफ्टवेअरची जात ओळखा

एंट्रीची सॉफ्टवेअरं साधारण तीन तऱ्हेची असतात आणि तिघांची भूक वेगवेगळी असते. तुमचं कुठलं ते कळल्याशिवाय रॅम वाढवू की केबल बदलू, याला अर्थ नाही.

पहिली तऱ्हा फाइलवाली. डेटा एखाद्या शेअर फोल्डरमधल्या फाइलीत असतो आणि प्रत्येक मशीन ती फाइल सरळ उघडतं. जुनी फॉक्सप्रोची डीबीएफ किंवा अ‍ॅक्सेसची एमडीबी ही यातली नेहमीची मंडळी. इथे साधा शोध घ्यायचा झाला तरी फाइलीतला बराच भाग केबलवरून तुमच्या मशीनपर्यंत येतो, म्हणून नेटवर्क आणि डिस्क यांच्यावरच सगळा भार. शिवाय दोघांनाही २ जीबीची मर्यादा आहे. अ‍ॅक्सेसची अख्खी फाइल आणि फॉक्सप्रोचं एकेक टेबल, त्यापुढे वाढत नाही. फाइल दीड जीबीला पोचली की नवी मशीनं घेण्याऐवजी सॉफ्टवेअर बदलण्याचं बोलणं सुरू करा.

दुसरी तऱ्हा सर्व्हरवाली. डेटाबेस एका मशीनवर चालतो, बाकीची मशीनं त्याला प्रश्न विचारतात आणि फक्त उत्तर घेतात. इथे टेबलावरचं मशीन साधं असलं तरी चालतं, सर्व्हर मात्र दमदार लागतो. तिसरी तऱ्हा ब्राउझरमधली. तिला ऑपरेटिंग सिस्टीमशी फारसं देणंघेणं नाही, पण ब्राउझर ताजा लागतो आणि ब्राउझर रॅम खातो. क्रोमची विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. इंटरनेट एक्सप्लोरर तर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. फक्त त्याच्यातच चालणारा जुना फॉर्म असेल तर एज ब्राउझरमधला आयई मोड वापरता येतो.

तुमचं सॉफ्टवेअर पहिल्या दोनांपैकी कुठलं ते कळत नसेल तर डेटा कुठे आहे ते विचारा. "त्या मशीनवरच्या झेड ड्राइव्हमध्ये" असं उत्तर आलं तर बहुधा पहिलं. कुणी सर्व्हरचं नाव, युजर आणि पासवर्ड सांगायला लागलं तर दुसरं.

विंडोजचं काय करायचं

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, सुरक्षेची अपडेट येणं थांबतं. संस्थांना पैसे भरून विंडोज १० ची अपडेट जास्तीत जास्त तीन वर्षं घेता येतात. पण ज्या मशीनवर लोकांची नावं, पत्ते आणि खाते क्रमांक भरले जातात त्यावर ही सवलत मी फक्त बदल होईपर्यंतचा टेकू म्हणून घेईन.

विंडोज ११ ची कागदावरची गरज अशी: ६४ बिटचा किमान दोन कोअरचा १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय आणि सिक्युअर बूट (मशीन सुरक्षितपणे सुरू करायची नवी पद्धत), आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी चिप). अडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रोसेसरची पिढी. एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय५-७५०० म्हणजे सातवी, आय५-८४०० म्हणजे आठवी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. जुनी मशीनं विकत घेताना "आय५ आहे, आय५ आहे" एवढंच सांगतात. पुढचा आकडा विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

दुसरं अडतं टीपीएमवर, आणि इथे बरेचदा उगाच घाबरायला होतं. चिप असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या एफटीपीएम या नावाने. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' चालवलं की ती चालू आहे का आणि आवृत्ती कुठली, ते दिसतं. आमच्याकडची पाच मशीनं "अपात्र" म्हणून भंगारात निघाली होती. त्यातली चार फक्त बायोसमधला तो एक पर्याय चालू केल्यावर पात्र ठरली.

आता ३२ आणि ६४ बिटचा घोळ. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यावर ३२ बिटचं सॉफ्टवेअर चालतं, पण १६ बिटचं अजिबात नाही. डॉसच्या काळातला काळा पडदा अजून वापरात असेल तर तो उघडणारच नाही. डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवता येतो, पण प्रिंटिंग आणि नेटवर्क शेअर नीट चालतंय की नाही ते आधी स्वतः बघा. ड्रायव्हर मात्र ६४ बिटचेच लागतात. जुना स्कॅनर, पावतीचा प्रिंटर, लायसन्सचं यूएसबी डोंगल, यातल्या एकाचा जरी ६४ बिटचा ड्रायव्हर नसेल तरी गाडी तिथेच अडकते. एआरएम, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरचे नवे लॅपटॉप याच कारणासाठी मी एंट्रीला घेत नाही. सॉफ्टवेअर त्यावर एम्युलेशनने चालून जातं, पण डोंगलचा ड्रायव्हर खास एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो.

ओडीबीसीने, म्हणजे सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडायच्या विंडोजमधल्या ठरीव सोयीने, डेटाबेस जोडत असाल तर एक गंमत लक्षात ठेवा, हिने माझा एक अख्खा शनिवार खाल्लाय. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला ३२ बिटचं कनेक्शन लागतं. ते बनवायची खिडकी विंडोजमध्ये दोन फोल्डरांत आहे, दोन्हीकडे फाइलीचं नाव तेच. सिस्टीम३२ या फोल्डरमध्ये आहे ती ६४ बिटची, आणि सिसवॉव६४ मध्ये आहे ती ३२ बिटची. हो, उलटंच. चुकीच्या खिडकीत कनेक्शन बनवलं की तिथे टेस्ट व्यवस्थित पास होते आणि सॉफ्टवेअर मात्र "डेटा सोर्स सापडला नाही" म्हणत राहतं. ऑफिसचंही तसंच आहे. २०१९ पासून ते आपोआप ६४ बिटचं बसतं आणि ३२ बिटच्या ऑफिसवर बेतलेली जुनी जोडणी तुटते. इन्स्टॉल करण्याआधीच विचारून घ्या.

होम की प्रो? एंट्रीच्या खोलीत प्रो. होमवर डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय, जोडता येत नाही आणि रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर शिरता येत नाही. आणखी एक मर्यादा कुणी सांगत नाही. साध्या विंडोजवर फोल्डर शेअर करून त्यालाच "सर्व्हर" म्हणत असाल तर एका वेळी २० जोडण्यांपर्यंतच परवानगी आहे. प्रो घेतलं तरी तेवढीच. विसाव्यानंतरच्या माणसाला कनेक्शन नाकारलं जातं आणि तो आपला पासवर्ड तीन-तीनदा बदलत बसतो.

जुन्या शेअर फोल्डरबद्दल दोन शब्द. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत नव्या इन्स्टॉलमध्ये मिळत नाही. आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती प्रोवर पासवर्डशिवायचा, म्हणजे गेस्ट, शेअर उघडू देत नाही. "काल चालत होतं, अपडेटनंतर बंद झालं" या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं. उपाय म्हणून जुनी दारं परत उघडू नका. शेअरला नाव आणि पासवर्ड द्या, आणि डेटा जुन्या मशीनवरून हलवा.

नाहीशी झालेली सकाळ

हा प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण हा दोष कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

आमच्याकडे दोन पाळ्या झाल्या तेव्हा एकेका मशीनवर सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन वेगळी युजर खाती केली. चांगली सवय, कुणी काय भरलं ते कळतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची मुलगी म्हणाली की सकाळच्या नोंदी दिसतच नाहीत. सकाळच्या मुलाने शपथेवर सांगितलं की ११६ नोंदी केल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लॉगिन केलं तर सगळ्या हजर, आणि संध्याकाळच्या गायब.

झालं असं की ते जुनं सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचं. व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही. पण ३२ बिटचं जुनं सॉफ्टवेअर कोसळू नये म्हणून ते लिखाण गुपचूप त्या त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण एकाच जागी लिहितोय. प्रत्यक्षात दोन युजर, दोन प्रती. दोन्ही जुळवून एक करायला आम्हाला चार दिवस लागले आणि त्यात सात नोंदी दुबार निघाल्या.

म्हणून नव्या मशीनवर मी डेटाचं फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर ठेवते आणि त्या एका फोल्डरपुरती युजरना बदल करायची परवानगी देते. सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाकणं हा सोपा उपाय कुणीतरी सुचवेलच. तो करू नका. मग दोन खात्यांवरून एकेक खोटी नोंद करून बघते, दुसऱ्याला दिसते का. पाच मिनिटांचं काम.

रॅम आणि डिस्क

आता त्या मागून चालत येणाऱ्या अक्षरांकडे. मशीनात ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क होती. विंडोज नुसतं उघडून ठेवलं तरी आमच्याकडे तीन जीबीच्या आसपास रॅम जायची. वर एक्सेल आणि ब्राउझर उघडला की रॅम संपते आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवायला लागतं. डिस्क ७,२०० फेऱ्यांची असली तरी सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंद. डोकं योग्य जागी सरकायला साधारण तेवढाच वेळ आणखी. अशाने सेकंदाला इकडची तिकडची शंभरेक कामंही होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तीच कामं सेकंदाला हजारोंनी होतात. एंट्रीत मोठ्या फाइली क्वचितच हलतात. सगळी छोटी छोटी, विखुरलेली वाचनं आणि लेखनं असतात, आणि नेमकं तिथेच फिरणारी डिस्क मार खाते.

आम्ही त्या सहा मशीनांत एसएसडी टाकली आणि रॅम ८ जीबी केली. प्रोसेसरला हात लावला नाही. सेव्हनंतर कोरा फॉर्म यायला तीन सेकंद लागायचे, ते डोळ्यांना कळेनासं झालं.

तेव्हा माझं मत सांगते: एंट्रीसाठी एसएसडी नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. रॅम ८ जीबी ही खालची पायरी. ब्राउझर, एक्सेल आणि स्कॅन केलेली पानं एकदम उघडी असतील तर १६. त्याच्या पुढे जाणं एंट्रीसाठी उधळपट्टी आहे. एसएसडी साधी साटावाली की वेगवान एनव्हीएमई, यावर वाद घालू नका, एंट्रीला बसणाऱ्याला फरक कळत नाही. प्रोसेसरही वरच्या दर्जाचा नको. आपल्याकडे मशीन घेताना आधी प्रोसेसरचंच नाव विचारतात आणि मग उरलेल्यात बाकीचं बसवतात. मी उलट्या क्रमाने जाते.

सध्याच्या मशीनची तपासणी करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातलं परफॉर्मन्स. मेमरीवर क्लिक केलं की किती वापरात आहे आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. डिस्कवर क्लिक केलं की एसएसडी की एचडीडी ते कळतं. हे सकाळी मशीन उघडल्या उघडल्या बघू नका. दुपारी तीनला, सगळं उघडं असताना बघा. लॅपटॉप घेत असाल तर रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली नाही ना, ते आधी विचारा. काहींत नंतर वाढवताच येत नाही.

केबल

एका टेबलावरचं मशीन सतत रडायचं. रॅम तीच, डिस्क तीच, सॉफ्टवेअर तेच. बाकी तेरा जणांचा फॉर्म दोन सेकंदांत उघडायचा, इथला नऊ. विंडोज पुन्हा टाकून झालं, काही फरक नाही. शेवटी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग पाहिला: १००. बाकीच्यांचा १,०००.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली की जोडणी बंद न पडता गुपचूप १०० वर उतरते. खाली वाकून पाहिलं तर खुर्चीचं चाक बहुधा वर्षभर त्याच केबलवरून फिरत होतं. केबल बदलली, १,००० झालं, फॉर्म दोन सेकंदांवर आला.

तेव्हापासून महिन्यातून एकदा सगळ्या मशीनांचा हा आकडा मी वहीत लिहिते. केबल कॅट ५ई असली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. महागडी नको, फक्त चाकाखाली नको. आणि फाइलवाल्या सॉफ्टवेअरला वायफाय नको. लिहिता लिहिता सिग्नल एक क्षण गेला की फाइल बिघडते, आणि बिघडते ती सगळ्यांची.

बोटं, डोळे आणि बारकोड

कीबोर्ड हे एंट्रीवाल्याचं खरं हत्यार आणि खरेदीच्या यादीत ते सगळ्यात शेवटी येतं. उजवीकडचं आकड्यांचं पॅड हवंच. पाचावरचा छोटा उंचवटा बोटाला लागला की न बघता आकडे पडतात. लॅपटॉपला पॅड नसेल तर वेगळा पूर्ण कीबोर्ड लावा. वायरचाच लावा. आमच्याकडे एकदा टेबलं मोकळी दिसावीत म्हणून वायरलेस आले होते. थोडा वेळ हात थांबला की ते झोपायचे आणि जागं होताना पहिला अंक गिळायचे. ४५०० चं ५०० व्हायचं. ही चूक सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण ५०० हा आकडाही बरोबरच असतो. वायरलेस लावायचाच असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टजवळ नको, त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये मिसळतो.

स्क्रीन १९२० बाय १०८०. इथेही एक खाच आहे. लहान लॅपटॉपवर विंडोज आपण होऊन १५० टक्के मोठं करून दाखवतं. मग जुन्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला उरतात १२८० बाय ७२० ठिपके. फॉर्म १०२४ बाय ७६८ वर बेतलेला असेल तर खालचे ४८ ठिपके स्क्रीनच्या बाहेर, आणि सेव्हचं बटण बरोबर तिथेच असतं. एका नव्या मुलीने दोन तास एकेक नोंद भरली आणि बटण दिसत नाही म्हणून फुलीवर क्लिक करून बंद केली. घेताना मोठी स्क्रीन घ्या आणि १०० टक्क्यांवर ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर टक्के वाढवण्याआधी फॉर्मचा तळ दिसतोय ना ते बघा.

बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा स्वतःला कीबोर्डच म्हणवतो. तो अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली तेवढं पाठवतो. त्यामुळे मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना इंग्रजी अक्षरांचा बारकोड मारला की रकान्यात देवनागरी गिचमीड उमटते. स्कॅनर खराब नसतो. नोटपॅड उघडून दोन्ही भाषांत एकेकदा मारून बघा, आणि बारकोडच्या रकान्यावर आल्यावर भाषा बदलायची सवय लावा. स्कॅनरने शेवटी एंटर पाठवायचा की टॅब, हे त्याच्या पुस्तिकेतला बारकोड मारून ठरवता येतं. देवनागरीत भरायचं असेल तर सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरं, घेतं का, हा पहिला प्रश्न. "आमचा फॉन्ट टाका, मग दिसेल" असं उत्तर आलं तर तो डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना रडवणार.

तारखेचं सेटिंग सगळ्या मशीनांवर एकसारखं करा. एकावर दिवस आधी आणि दुसऱ्यावर महिना आधी असेल तर ०३/०४ ही एकाकडे ३ एप्रिल, दुसऱ्याकडे ४ मार्च. १३ तारखेपासून पुढे चूक लगेच कळते, १ ते १२ मध्ये कळत नाही. वर्ष चार आकडी ठेवा. एक्सेलमध्ये नुसते दोन आकडे टाकले तर २९ चं २०२९ होतं आणि ३० चं १९३०.

सर्व्हर

एखाद्या ऑपरेटरच्याच मशीनला सर्व्हर करू नका. तो जेवायला जाताना सवयीने बंद करून जातो. मोफतचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस छोट्या खोलीला पुरतो. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि मशीनात ३२ जीबी रॅम असली तरी तो डेटा साठवून ठेवायला त्यातली दीड जीबीसुद्धा वापरत नाही. म्हणजे एक्सप्रेससाठी सर्व्हरची रॅम वाढवत बसण्यात अर्थ नाही. अँटीव्हायरस प्रत्येक सेव्हला डेटाची फाइल तपासत असेल तर एंट्रीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचारून फक्त ते फोल्डर वगळा, अँटीव्हायरस बंद करू नका.

यूपीएस सर्व्हरला लावाच, आणि नेटवर्कच्या स्विचलाही, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडल्यात त्या पेटीलाही. आमचा स्विच भिंतीतल्या साध्या प्लगवर होता. वीज गेली, सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला, ऑपरेटरची मशीनं त्यांच्या यूपीएसवर चालू राहिली, आणि मधला स्विच मेला. चौदा अर्ध्या नोंदी.

नवं मशीन आल्यावर

सगळी एकदम मागवू नका. एक मागवा, सगळ्यात वेगवान ऑपरेटरला आठवडाभर त्यावर बसवा. हळू टाइप करणाऱ्याला मशीनचा संथपणा जाणवत नाही. त्या वेगवान ऑपरेटरकडे जुन्या मशीनवरचे आणि नव्यावरचे स्टॉपवॉचचे आकडे शेजारी शेजारी लिहायला द्या. त्या आठवड्यात प्रिंट काढा, स्कॅनर मारा, महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट चालवा, आणि बॅकअपवरून डेटा परत आणून बघा. रिपोर्ट चालू असताना बाकीच्यांची एंट्री अडते का, तेही.

बाकीची मशीनं आल्यावर जुनी लगेच फॉरमॅट मारू नका, महिनाभर कपाटात ठेवा. व्हर्च्युअलस्टोअरसारख्या कोपऱ्यात काय राहिलंय ते तिसऱ्या आठवड्यात कुणालातरी आठवतं. आमच्या शेवटच्या बदलात अठराव्या दिवशी एकाने विचारलं, "त्या जुन्या मशीनच्या डेस्कटॉपवर माझी कोडची यादी होती, ती कुठंय?" ती मी कपाट उघडून काढून दिली. दुसरा कुठलाही बॅकअप त्या यादीचा नव्हता.